इस्त्रीच्या टेबलावरचा वॉल्ट्झ

खरं सांगते. अगदी खरं.

यातला एक शब्द जरी खोटा निघाला ना, तर माझे उरलेसुरले दात आजच्या फुंचीत, मक्याच्या उकडीत, गळून पडू देत!

पाद्रीबाबांना बोलवा, त्यांच्यासमोर सांगते. ही गोष्ट त्यांनी ऐकलीय म्हणा. तेव्हापासून मला लांबून पाहिलं की ते दुसऱ्या दाराने आत जातात.

या पानावरच्या तुमच्या सगळ्यांच्या गोष्टी नात मला वाचून दाखवते. छान असतात. पण एक गंमत वाटते. सगळी भुतं रात्रीच येतात. काळोख, घुबड, कुत्रं रडतंय…

आमच्याकडचं दुपारी आलं.

भर दुपारी. कुरासाव बेटावर, आमच्या ओत्राबांदात, देवळामागच्या गल्लीत. जेवणं उरकून सगळं गाव झडपा लावून आडवं होतं ना, त्या वेळेला. महिना जानेवारीचा. बंदरावरचा तरंगता पूल तेव्हा नवा होता. बूट घालून गेलं की पैसे पडायचे, अनवाणी गेलं की फुकट.

मी तेव्हा जन्मायची होते. पण माझ्या आजीने, देल्फिना मार्तिसने, स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

आणि ज्याच्यासाठी ते आलं, तो तिचा नवरा. माझे आजोबा. मास्तर बासिलिओ.

मास्तर म्हणजे संगीताचे मास्तर. देवळात ऑर्गन वाजवायचे. पुलापलीकडे पुंडातल्या व्यापाऱ्यांच्या मुलींना पियानो शिकवायचे. आणि वॉल्ट्झ रचायचे. तीन ठोक्यांची नाचायची चाल असते ती. एक ठोका जड, दोन हलके. आजोबांचा वॉल्ट्झ लागला की म्हातारेसुद्धा काठ्या टाकून उठायचे.

उंच, काटकुळे. बूट कायम चकचकीत. पुलावर पैसे मोजतील पण बूट काढणार नाहीत.

आजी म्हणायची, "माझ्यापेक्षा बुटांना जास्त गोंजारतो हा माणूस."

तर आमच्या बेटावर तेव्हा एक रीत होती. मुलीच्या वाढदिवसाला वॉल्ट्झ भेट द्यायचा. तिच्या नावाचा. सकाळी तिच्या अंगणात वाजवायचा आणि पहिला नाच तिचा. ती नाचेपर्यंत दुसऱ्या कुणी पाऊल उचलायचं नाही. एकदा नाव लागलं की तो तिचा. मेल्यावरसुद्धा तिचाच.

एकीचा वॉल्ट्झ दुसरीला द्यायचा? छे! लग्न ठरलेल्या मुलीचा नवरा उचलून शेजारणीला देण्यासारखं ते.

आणि आजोबांनी नेमकं तेच केलं.

तेक्ला म्हणून एक धोबीण होती. मोठ्या घरांचे कपडे धुवायची, खळ घालायची, कोळशाच्या इस्त्रीने कडक करायची. तिची एकच मुलगी. एर्मिनिया.

एकदा एर्मिनिया आजोबांच्या कॉलरी पोचवायला आली. आत शिकवणी चालली होती. कुणा श्रीमंताची लेक एकाच जागी पुन्हापुन्हा अडखळत होती.

दारातून आवाज आला, "अंगठा खालून घाल की गं!"

आजोबांनी मान वळवली. "तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. मागच्या वेळेला तुम्हीच ओरडत होता की तिच्यावर."

आजोबा हसले. श्रीमंताच्या लेकीला उठवलं आणि हिला बसवलं.

त्या दिवसापासून एर्मिनियाला शिकवणी फुकट.

पण घरी पियानो कुठला? मग ही पोर काय करायची माहितीय? इस्त्रीचं काम संपलं की टेबल पुसायची, त्यावर खडूने पियानोच्या पट्ट्या काढायची आणि वाजवायला बसायची. सूर नाही, काही नाही. नुसती लाकडावर बोटं.

टक. टक-टक.

टक. टक-टक.

तेक्ला म्हणायची, "माझी पोर मुका पियानो वाजवते. शेजाऱ्यांची तक्रार नाही, आणि कौतुकही नाही."

एके दिवशी आजोबा खुशीत होते. म्हणाले, "एर्मिनिया, फेब्रुवारीत तुला पंधरावं लागेल ना? तुझ्या नावाचा वॉल्ट्झ करणार मी."

धोबिणीच्या पोरीला वॉल्ट्झ! तोवर कुणी दिला नव्हता.

"माझं नाव घालणार? एर्मिनिया?"

"मग काय माझं घालू?"

आणि बोलल्याप्रमाणे त्यांनी केला. असा केला की आजी हातातलं भांडं तसंच धरून ऐकत उभी राहिली. पहिला भाग त्यांनी एर्मिनियाला शिकवलासुद्धा. पुढचा वाढदिवसाला ऐक, म्हणाले.

पोर टेबलावर तेवढाच वाजवत बसायची. पहिला भाग. संपला की पुन्हा पहिल्यापासून.

आता मधेच आला नोव्हेंबर.

पुंडात शोन ऑगस्टो म्हणून मोठे व्यापारी होते. शोन म्हणजे मालक, साहेब. त्यांच्या क्लारिताचा वाढदिवस. वॉल्ट्झ अर्थातच मास्तर बासिलिओंनी द्यायचा.

आणि मास्तरांचं डोकं कोरडं ठणठणीत! त्या वर्षी आमच्या पाण्याच्या टाक्या होत्या तसं.

आजी विचारायची, "अहो, झाला का वॉल्ट्झ?"

"होतोय."

"महिनाभर होतोयच. एवढ्यात आपली मांजर दोनदा व्याली."

वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत काही म्हणजे काही सुचलं नाही. सकाळी आजोबा बूट चढवून वादकांना घेऊन निघाले. आजी मागोमाग. तिला मेजवानीत हातभार लावायला बोलावलं होतं.

शोन ऑगस्टोंच्या अंगणात क्लॅरिनेट लागलं. व्हायोलिनं लागली.

आजीने पहिल्या सुरांतच ओळखला.

एर्मिनियाचा वॉल्ट्झ होता तो.

पांढऱ्या झग्यात क्लारिता मधे आली, वडिलांच्या हातात हात दिला, नाचली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शोन ऑगस्टो ओरडून म्हणाले, "माझ्या क्लारिताचा वॉल्ट्झ!"

झालं. नाव लागलं.

आणि मागच्या फाटकात… डोक्यावर टेबलक्लॉथांची टोपली घेऊन एर्मिनिया उभी होती. मेजवानीचे कपडे पोचवायला आलेली.

आजीने पाहिलं. पोरीची बोटं टोपलीच्या कडेवर हलत होती.

टक. टक-टक.

मग थांबली.

तिने टोपली उतरवली, स्वयंपाकिणीला रुमाल मोजून दिले आणि निघून गेली. बूट हातात, पाय अनवाणी, पुलावरून.

पुढच्या शिकवणीला आली तेव्हा आजोबांची नजर खाली. "एर्मिनिया… तुझा मी वेगळा करतोय हं. याहून छान."

"घाई नाही, मास्तर."

बस. एवढंच. रडली नाही, रुसली नाही.

आजी मला सांगायची, "त्या पोरीने तेव्हाच मास्तरांच्या दोन कानाखाली वाजवल्या असत्या ना, तर आम्ही सगळे सुटलो असतो."

मग क्लारिताचा वॉल्ट्झ गावभर झाला. आमच्याकडे हँडल फिरवायचा ऑर्गन असतो. दोघं जण उचलून दारोदार नेतात. आत लाकडी रूळ, रुळावर खिळे. चाल खिळ्यांनी ठोकून बसवायची, की ती कायमची. नवीन वर्षाला तो ऑर्गन गल्लीगल्लीत फिरला. सगळं ओत्राबांदा त्यावर नाचलं. तेक्लाच्या खिडकीखालीसुद्धा.

आजोबा रोज बसायचे. दोन ओळी लिहायचे. फाडायचे.

"उद्या," म्हणायचे.

जानेवारीत एर्मिनियाला ताप चढला. तेव्हाचे ताप म्हणजे काय सांगू? इस्त्री खाली ठेवून पोर अंथरुणावर पडली, ती उठलीच नाही.

पंधरावं लागायचं होतं अजून.

आमच्यात माणूस गेलं की आठ दिवस पाळतात. घरात पांढरी चादर लावून देवाची मांडणी करतात, रोज संध्याकाळी प्रार्थना. त्या घरात गाणं नाही, वाजवणं नाही. आठव्या दिवशी मांडणी उतरवतात, मेणबत्त्या विझवतात आणि खिडक्या सताड उघडतात. गेलेलं माणूस तेव्हा घराबाहेर पडतं. तोवर ते घुटमळत असतं.

जे मिळायचं राहिलं असेल, त्याच्यापाशी.

पहिल्या संध्याकाळी आजी-आजोबा प्रार्थनेला गेले. तेक्लाने आजोबांना पाहिलं आणि उठून त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं.

"मास्तर, माझ्या पोरीला तुम्ही फुकट शिकवलंत. देव तुमचं भलं करो."

शेजारणीने आजोबांच्या हातात कॉफीचा पेला दिला.

"शेवटी शेवटी फार बरळत होती हो. म्हणे, ऑर्गनवर वाजतो तो वॉल्ट्झ माझा आहे. मास्तरांनी माझ्यासाठी केलाय." तेक्लाने डोळे पुसले. "मी तिला दटावलं, मास्तर. म्हटलं, धोबिणीच्या पोरीचा कसला आलाय वॉल्ट्झ? मरताना खोटं बोलू नये. माझ्याकडे पाठ करून पडली ती मग. तशीच गेली."

आजीने आजोबांच्या बरगडीत कोपर मारलं. जोरात.

आजोबांनी कॉफीचा घोट घेतला.

म्हणाले, "हो… ताप फार होता."

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा टांगलेल्या झोळीत पडले होते. आजी खाली चटईवर. झडपा बंद.

आमच्या बेटावर वारा कधी थांबत नाही. बारा महिने वाहतो. झाडंसुद्धा एका बाजूला वाकलेली आहेत त्याच्यापायी.

त्या दुपारी… वारा थांबला.

कोंबडी गप्प. शेजारचं रडकं पोर गप्प.

मग… वास आला.

तापलेल्या इस्त्रीचा. ओल्या खळीचा.

आजी दचकून उठली. तिला वाटलं, इस्त्री कपड्यावर राहिली. जाऊन पाहते तर इस्त्री थंड. कोळसेसुद्धा थंड.

परत येऊन आडवी होते न होते तोच…

टक. टक-टक.

पुढच्या खोलीतून.

टक. टक-टक.

आजीला आधी वाळवी वाटली. पण पियानोचे पाय रॉकेलच्या डब्यांत उभे होते. वाळवी चढणार कुठून?

"अहो, उंदीर शिरलाय पियानोत."

आजोबांचे डोळे मिटलेले होते. ओठ पांढरे पडले होते.

"उंदीर नाही तो, देल्फिना. उंदराला तीन ठोके येत नाहीत."

दोघं ऐकत राहिले. ठोके चालत गेले, चालत गेले… आणि एका जागी थांबले.

आजोबांनी जिथे शिकवायचं थांबवलं होतं, तिथेच.

मग जरा वेळ शांत. कुणीतरी वाट बघतंय तसं.

आणि पुन्हा पहिल्यापासून.

माझी आजी घाबरट नव्हती. तिने केरसुणी उचलली आणि खोलीचं दार ढकललं.

कुणी नव्हतं. पियानो बंद होता. काळ्या झाकणावर मात्र… खडूची पांढरी पूड.

आजोबा आत आले. झाकण उघडलं. तो वॉल्ट्झ वाजवायला लागले.

सूर उमटेना!

पट्ट्या खाली जात होत्या, वर येत होत्या. आवाज येत होता तो नुसता लाकडाचा. टक. टक-टक.

त्यांनी साधं डो-रे-मी-फा वाजवून पाहिलं. स्वच्छ वाजलं. पुन्हा वॉल्ट्झ. पुन्हा लाकूड.

"तू वाजव," आजोबा म्हणाले.

"मला कुठे येतं?"

"एका बोटाने वाजव!"

आजीने एका बोटाने पहिले चार सूर दाबले.

टक. टक. टक. टक.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. त्या वेळेला भल्या घरची मुलगी उन्हात पाऊल टाकत नाही. बाहेर क्लारिता उभी. एकटी. घामाने चिंब.

"मास्तर, माझा वॉल्ट्झ वाजत नाही. पियानोतून नुसतं टकटक येतं. पप्पांनी माणूस बोलावून सगळा पियानो उघडवला. तो म्हणतो, काही बिघडलेलं नाही."

आजीला राहवलं नाही. "तुझा नाहीच तो, बाई."

क्लारिताने मान खाली घातली.

"माहितीय मला."

आजीने तिला आत घेऊन दार लावलं.

"इस्त्री केलेला झगा अंगावर बसवायला एर्मिनिया आली होती. टाचण्या लावताना गुणगुणत होती. मी म्हटलं, कुठलं गं हे? म्हणाली, माझा वॉल्ट्झ, फेब्रुवारीत मिळणार आहे. आणि मग वाढदिवसाला तोच लागला…" क्लारिता रडायला लागली. "सगळे माझ्याकडे बघत होते, मावशी. मी काय करणार होते?"

"नाचणार होतीस. नाचलीस." आजी म्हणाली. मग आजोबांकडे वळली. "छान जोडी जमलीय तुमची. मास्तर तसा शिष्य."

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण नाही. त्यानंतर रोज आजोबांचा एक एक वॉल्ट्झ मुका व्हायला लागला. आज हिचा, उद्या तिचा. ज्याला हात लावतील तो लाकूड.

रविवारी देवळात प्रार्थनेला ऑर्गनवर बसले. भाता भरला. बोटं टेकवली…

टक. टक-टक.

भर देवळात! पाद्रीबाबांनी वळून पाहिलं. लोकांना वाटलं, ऑर्गन मोडला. दुसऱ्या कुणीतरी बसून वाजवला तर खणखणीत वाजला.

आजोबा भिंतीला धरून घरी आले. जेवले नाहीत. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसून राहिले. त्या हातांवर घर चालायचं, बरं का. त्या हातांशिवाय मास्तर म्हणजे नुसते बूट.

आजीने समोर स्टूल ओढलं.

"ऐका. तिला वॉल्ट्झ नकोय. तो तिने केव्हाच परत घेतलाय."

"मग काय हवंय तिला?"

"तिच्या आईला वाटतंय पोर खोटं बोलत गेली. तुम्ही हो म्हणालात. कॉफी पीत पीत! उद्या आठवा दिवस. खिडक्या उघडतील. खोटारडी म्हणून जाईल का ती पोर? नाही जाणार. इथेच राहील. तुमच्या बोटांखाली."

"तेक्लाने माझ्या हाताचं चुंबन घेतलं, देल्फिना. कसं सांगू तिला?"

"चुंबन घेतलं म्हणूनच."

आजोबा उठून उभे राहिले. म्हणाले, "नुसतं सांगून नाही भागायचं. तिच्या दारात तिच्या नावाने वाजवायला हवा."

तेक्लाकडे पियानो नाही. म्हणून त्यांनी तो हँडलवाला ऑर्गन ठरवला. ऑर्गनवाला म्हणाला, "मास्तर, त्यातला तो वॉल्ट्झ मुका झालाय. नुसते खिळे खडखडतात. नेऊन काय करणार?"

"तरी आण."

आठव्या दिवशी, सूर्य कलल्यावर, आजोबा निघाले. मागे दोघं जण ऑर्गन उचलून. वारा अजून पडलेलाच.

तेक्लाच्या गल्लीचा कोपरा आला. आतून प्रार्थनेचा आवाज येत होता. मग तो थांबला. मेणबत्त्या विझल्याचा वास आला.

आजोबा दारात पोचले.

बायका किंचाळल्याच. आठवा दिवस उरकायच्या आत सुतकाच्या घरात बाजा! तेक्ला पुढे आली. "मास्तर… हे काय?"

आजोबांनी हॅट काढली. मग खाली वाकले, बूट काढले. पहिल्यांदाच लोकांनी त्यांचे अनवाणी पाय पाहिले.

"तेक्ला, तुझी पोर बरळत नव्हती. तो वॉल्ट्झ तिचाच होता. मी तिच्यासाठी केला, आणि मीच तिच्याकडून काढून दुसरीला दिला. ती खरं बोलत गेली. खोटं मी बोललो."



तेक्ला इस्त्रीच्या टेबलाला धरून उभी होती.  मग म्हणाली, "मग वाजवा. माझ्या पोरीचा आहे ना? वाजवा."

आजोबांनी हँडल धरलं. फिरवलं.

खड. खड-खड.

नुसते खिळे.

पुन्हा फिरवलं. खड. खड-खड…

आणि एक सूर लागला. बारीकसा. मग दुसरा. मग सगळा ऑर्गन भरून आला आणि गल्लीतून वारा धावत सुटला. तेक्ला जन्मात कधी नाचली नव्हती. ती मधे आली. दोन्ही हात असे वर धरले, समोर कुणी उभं असल्यासारखे. आणि नाचली. पहिला नाच. चाल त्या अडलेल्या जागेपाशी आली… आणि पुढे गेली. पुढचा भाग वाजला. शेवटपर्यंत. वारा बाहेरून आत येत होता, तरी खिडकीचा पडदा बाहेर उडाला.

एकदाच.

छान आहे ना?

नातसुद्धा म्हणते, आजी, शेवट किती छान आहे गं. तिने तर तसाच लिहून टाकलाय.

…

बरं, ऐका. एक गोष्ट मी बनवलीय. एकच! बाकी सगळं खरं. खळीचा वास खरा, देवळातलं खरं, क्लारिताचं रडणं खरं.

आजोबा दारापर्यंत गेले, ते मी बनवलंय.

ते कोपऱ्यापर्यंतच गेले.

ऑर्गन उचलणाऱ्या दोघांनी पुढे आजीला सांगितलं. कोपऱ्यावर मास्तर थांबले. म्हणाले, जरा टेका. त्यांनी ऑर्गन खाली टेकवला. तेक्लाच्या घराच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. शेवटच्या खिडकीत तेक्ला स्वतः आली. तिला मास्तर दिसले. तिला वाटलं, एवढा मोठा माणूस माझ्या पोरीला निरोप द्यायला आलाय. तिने तिथूनच मान लववली.

आजोबांनी हॅट उचलली.

आणि म्हणाले, "चला परत."

घरी आले. आजीने विचारलं, "सांगितलंत?" ते म्हणाले, "गर्दी होती." त्यानंतर आजी त्यांच्याशी वर्षभर बोलली नाही.

पुढे पुष्कळ जगले आजोबा. शिकवायचे, पण काठीने ताल देऊन. कुणासमोर पट्टीला हात लावला नाही. वॉल्ट्झ तर एकही केला नाही. दुपारी झोळीत पडायचे, डोळे उघडे ठेवून. तेक्ला त्यांच्या कॉलरी शेवटपर्यंत करून देत होती, आणि ती गेली तेव्हाही तिला हेच माहीत होतं की आपली पोर मरताना खोटं बोलली.

तो पियानो आता माझ्याकडे आहे. मी दुपारी झोपत नाही. वारा पडला की रेडिओ मोठा करते. कधी रेडिओच्या खालून ऐकू येतं… कधी नाही येत. वय झालंय, कानांचं काय सांगावं?

आता तुम्ही म्हणाल, म्हातारे, मग शेवट का बदलला?

काय करू? दर वेळी सांगायला बसते तेव्हा वाटतं, या वेळी जातील ते. मी मागून ढकलते त्यांना. चला मास्तर, चला की.

लहानपणी आजीने मला तो कोपरा नेऊन दाखवला होता. तिथे उभं राहिलं की ती खिडकी समोरच दिसते.

आत जायची गरजच नव्हती हो. तिथून हाक मारली असती, तरी तेक्लाला ऐकू गेली असती.